तोंड यशचे, आवाज कुणाचा?

मला विचाराल तर नटाची निम्मी कमाई त्याच्या गळ्यात असते. पडद्यावर चेहरा मोठा दिसतो म्हणून आपण चेहऱ्याला भाव देतो, एवढेच. निळू फुले डोळ्यांसमोर आणा पाहू. आधी काय आठवते? तो खर्जातला, शब्द चघळत बोलणारा आवाज! 'सामना'तल्या हिंदुरावाचे बोलणे काढून घेतले तर मागे उरेल एक साधा बागायतदार.

डॉ. राजकुमार यांचेही तसेच. गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत मुरलेला हा गळा. आधी त्यांच्यासाठी पी. बी. श्रीनिवास गात. १९७४ च्या 'संपत्तिगे सवाल'पासून मात्र अण्णावरू स्वतःची गाणी स्वतःच गाऊ लागले आणि बोलणारा अन् गाणारा एकच झाला. माझ्या सासूबाई गदगकडच्या. शेवटी शेवटी त्यांना टीव्ही नीट दिसत नसे, तरी आवाज ऐकला की "राजकुमार बंद!" म्हणून सगळ्या घराला वर्दी देत. देवाला एकेरी हाक मारतात, तशी राजकुमारलाही. माहेरची माणसे आली असली की त्यांना वाटायचे, टीव्हीच बंद पडला!

हे सगळे आठवायचे कारण आमची मोठी लेक. ती आजीशी कन्नड बोलत वाढली, आमच्याशी मराठी बोलते. म्हणजे दोन्ही सिनेमे तिला आयते खुले. आणि ही मुलगी 'केजीएफ'चा २०२२ मध्ये आलेला दुसरा भाग बघते, तो हिंदीत. 'कांतारा'सुद्धा हिंदीत. का ग बाई, म्हटले, तर म्हणाली, "आमच्या ग्रूपमधले सगळे हिंदीतच बघतात. डायलॉग हिंदीत पाठ असतात." तिच्या ग्रूपमध्ये निम्मी मुले कन्नड घरांतली, निम्मी मराठी घरांतली. एकालाही भाषेची अडचण नाही. तरी यशचे तोंड आणि आवाज भलत्याचाच, हे कुणाला खटकत नाही.

डबिंग करणाऱ्या कलाकारांना मी नावे ठेवत नाही. दुसऱ्याच्या ओठांच्या मापाने वाक्ये बसवायची म्हणजे शिंप्याचे काम, तेही उसवलेल्या कपड्यावर. 'केजीएफ'सारखा सिनेमा त्यात फारसा बिघडत नाही, कारण तिथे माणसांपेक्षा हातोडे आणि बंदुका जास्त बोलतात. 'कांतारा'चे तसे नाही. त्यातली माणसे कुंदापूरकडची कन्नड बोलतात. ती आपल्या कानाला जरा परकीच, पहिली दहा मिनिटे मलाही सावध बसावे लागले. पण जमीनदाराचे गोड बोलणे आणि गावकऱ्यांचे रांगडे बोलणे यातला फरक त्या भाषेतच आहे. हिंदीत सगळे एकाच गावचे होऊन जातात. या भूमिकेसाठी ऋषभ शेट्टीला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला २०२४ मध्ये. आमच्या लेकीने त्याचा अभिनय पाहिला, ऐकला मात्र नाही.

यात एक गंमत आहे. कर्नाटकात कित्येक वर्षे परभाषेतले सिनेमे कन्नडमध्ये डब होऊ देत नसत. लेखी कायदा नव्हता, पण सिनेमावाल्यांचा दंडक कायद्यापेक्षा कडक. स्वतः राजकुमार त्या बाजूचे. आपल्या नटांचे, लेखकांचे पोट जाईल ही भीती खरीच होती. मग परभाषेतली गोष्ट हवी तर सिनेमा नव्याने काढायचा. 'सैराट'चा २०१७ मध्ये 'मनसु मल्लिगे' झाला, त्यात आर्चीचे काम पुन्हा रिंकू राजगुरूनेच केले. मुलगी तीच, गोष्ट तीच. खरे सांगायचे तर मजा गेली. आर्चीचा रुबाब बुलेटवर नव्हता, करमाळ्याकडच्या त्या बेधडक मराठीत होता. आमच्या ह्यांना हे पटत नाही, त्यांच्या मते मी दोन्ही सिनेमे कान उघडे आणि डोळे मिटून बघते!

पण कान उघडे ठेवले की आणखी एक गोष्ट टोचते. आपल्याकडची कन्नड, म्हणजे 'बन्नि'च्या जागी 'बर्रि' म्हणणारी, बेंगळुरूच्या सिनेमात बहुधा विनोदी नोकराच्या नाही तर गुंडाच्या वाट्याला येते. 'नागमंडल' (१९९७) आठवतो तो म्हणूनच. गिरीश कार्नाडांच्या नाटकावरचा सिनेमा, गोपाळ वाजपेयींचे संवाद, आणि प्रकाश राज सबंध वेळ उत्तर कर्नाटकची बोली बोलतो. कुणी हसत नाही. त्या बोलीत नवऱ्याचा तुसडेपणाही आहे आणि नागाचे लाडही. आमच्या लेकीला तो दाखवायचे मी ठरवले आहे. हिंदीतला मिळाला तरी लावणार नाही.

मराठी पडद्यावर तर आपण त्याहून दुर्मीळ. कोल्हापूरची बोली तमाशापटांपासून मालिकांपर्यंत पोचली, निपाणीच्या अलीकडची काही पोचली नाही. 'पण'च्या जागी 'खरं' म्हणणारा नायक तुम्ही कधी पाहिलात?

अतुल कुलकर्णींचा जन्म बेळगावचा. 'नटरंग'मधला त्यांचा गुणा मराठी माणसाला पाठ आहे आणि 'आ दिनगळु' (२००७), 'एदेगारिके' (२०१२) हे त्यांचे कन्नड सिनेमे कन्नड माणूस विसरलेला नाही. दोन्ही दारांनी ये-जा असलेला एवढा मोठा नट आपल्या हाताशी आहे. कुणी तरी त्यांना खडे बाजारातल्या कापड दुकानदाराचे काम द्यावे. गिऱ्हाइकाच्या पायातली चप्पल बघून भाषा ठरवणारा, भाव मराठीत सांगून कन्नडमध्ये कमी करणारा, आणि नोकरावर ओरडताना दोन्ही एकाच वाक्यात घालणारा. त्या सिनेमाचे हिंदी डबिंग कसे करायचे, ते करणाऱ्याने बघावे.