‘फकिरा’च्या छायेतील ‘माकडीचा माळ’

अण्णा भाऊ साठे यांचे नाव उच्चारताच आपल्या ओठांवर ‘फकिरा’ येतो. यात नवल नाही. १९५९ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार लाभला. परंतु तिसांहून अधिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखकाची ओळख एकाच पुस्तकावर थांबावी, हे त्याच्यावर प्रेम करणाऱ्या समाजास भूषणावह आहे काय?

दरवर्षी १ ऑगस्टला चिखली आणि आसपासच्या वस्त्यांतून माणसे निगडीच्या पुतळ्यास पुष्पहार घालावयास जातात. शाहिरी होते, भाषणे होतात. परत येताना त्यांपैकी किती हातांत अण्णा भाऊंचे एखादे पुस्तक असते, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा.

आमच्या हाती ‘माकडीचा माळ’ आली ती रद्दीच्या एका दुकानात, वजनावर विकल्या जाणाऱ्या गठ्ठ्यातून. ‘फकिरा’नंतर १९६० च्या दशकात आलेली ही कादंबरी. तिच्यावरून निघालेला ‘डोंगरची मैना’ हा चित्रपट काहींना आठवत असेल. मूळ पुस्तक मात्र विस्मरणात गेले. गावाबाहेरच्या एका उजाड माळावर माकडवाले, दरवेशी, डोंबारी, नंदीवाले, फासेपारधी यांची पाले पडतात. त्यांची जनावरे, त्यांची उपासमार, गावकऱ्यांचा संशय, पोलिसांचा धाक आणि या सर्वांच्या वर बसलेली जातपंचायत, असे हे जग आहे. महारवाडा आणि मांगवाडा गावाच्या कडेला तरी होते. या माणसांना तीही कड नव्हती.

बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ ग्रंथाच्या प्रस्तावनेत हिंदू संस्कृतीने निर्माण केलेल्या तीन वर्गांची गणना केली. सुमारे दोन कोटी गुन्हेगार जमाती, दीड कोटी आदिवासी आणि पाच कोटी अस्पृश्य. ज्या संस्कृतीने हे वर्ग निर्माण केले, तिला संस्कृती तरी म्हणावे कसे, असा त्यांचा रोख होता. त्या आकड्यातील पहिल्या दोन कोटींना अण्णा भाऊंनी चेहरे दिले. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले आणि भटक्यांचे जीवन मराठी साहित्यात प्रथमच आले, असे अनेकांस वाटले. त्याच्या कितीतरी आधी दीड दिवसाची शाळा शिकलेला वाटेगावचा हा लेखक त्या पालांत जाऊन बसला होता, याची नोंद आपण ठेवली नाही तर कोण ठेवणार?

कोणी म्हणेल, ही माकडवाल्यांची कथा आहे, आमची नव्हे. हा विचारच जातीचा आहे. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले आणि तो कलंक ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात राहिला. जन्माने अस्पृश्य ठरविणारे शास्त्र आणि जन्माने गुन्हेगार ठरविणारा कायदा, यांत अंतर ते किती?

दुसरे कारण याहून जवळचे आहे. या कादंबरीत तरुण मनांच्या प्रेमाआड बाहेरचा शत्रू उभा राहतो तसे आपलेच पंचही उभे राहतात. हे जुने झाले, असे समजू नये. जानेवारी २०१८ मध्ये चिखलीपासून फार दूर नसलेल्या पिंपरीच्या भाटनगरात, नववधूच्या कौमार्यपरीक्षेस विरोध करणाऱ्या तरुणांना लग्नाच्या ठिकाणी मारहाण झाली. ते तरुण त्याच समाजाचे होते आणि मारणारेही त्यांचेच. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला, तो २०१७ साली अमलात आला. परंतु कायदा पंचांना शिक्षा देईल, पंचांचे भय मनातून काढण्याचे काम माणसालाच करावे लागते.

नवदीक्षित कुटुंबांनी येथे थांबून विचार करावा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जी प्रतिज्ञा झाली, तिच्यात सर्व माणसे समान आहेत असे मानण्याचे वचन आहे. दीक्षा घेऊनही सोयरीक जुळविताना आपण पोटजात विचारतो, मुलीने स्वतः वर निवडला की भावकीची बैठक बोलावतो. मग आपल्या घरातली पंचायत उठली असे कसे म्हणावे? त्या बैठकीचे खरे रूप पाहावयाचे असेल तर ‘माकडीचा माळ’ वाचावा.

म्हणून आमची सूचना अशी. चिखलीतील विहारांत रविवारी वंदनेनंतर या कादंबरीचे एकेक प्रकरण मोठ्याने वाचले जावे. वाचणारी शक्यतो एखादी मुलगी असावी, आणि ऐकणाऱ्यांत तिचे वडील व चुलते अवश्य असावेत.