तक्त्याबाहेरचा ‘स्यात्’

पहाटे सहाला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत दिवे लागतात. टेबलासमोरच्या भिंतीवर जैन धर्माचा तक्ता चिकटवलेला: पार्श्वनाथ तेविसावे तीर्थंकर, महावीर चोविसावे, चार व्रतांत ब्रह्मचर्याची भर, सम्यक दर्शन, ज्ञान, चारित्र्य ही त्रिरत्ने. पूर्वपरीक्षेला एवढे पुरते. मुख्य परीक्षेत मात्र ‘अनेकांतवाद स्पष्ट करा’ म्हटले, की पेन अडखळते.

कारण अनेकांत पाठ होत नाही, तो वापरून पाहावा लागतो. वस्तूला अनेक बाजू असतात, आपले विधान एका बाजूपुरते खरे असते. म्हणून स्याद्वाद विधानाआधी ‘स्यात्’, म्हणजे ‘एका अपेक्षेने’, जोडतो. मडके घ्या: आकार म्हणून नाशवंत, माती म्हणून टिकणारे. दोन्ही उत्तरे बरोबर! चार पर्यायांतला एकच गोल काळा करणाऱ्याला हे पचायला वेळ लागणारच.

इतिहासही जवळ जाऊन पाहावा. वेरूळची ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी, श्रवणबेळगोळच्या बाहुबलीच्या मूर्तीच्या पायाशी कोरलेली जुनी मराठी अक्षरे, उद्योतनसूरींच्या ‘कुवलयमाला’ या ग्रंथात (इ.स. ७७९) भेटणारे मराठी लोक, हा वारसा आपल्या भाषेचाही आहे.

गुण मिळवाच; पण निकालानंतर ‘स्यात्’ तेवढा विसरू नका.