गाळ काढा, भरावही जपा

पाझर तलावातला गाळ उपसायला पैसा देणाऱ्या सरकारने त्याच तलावाचा मातीचा भराव तपासण्यासाठीही पावसाळ्याआधी निधी दिलाच पाहिजे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने साठवण वाढते, शेतात कसदार माती पडते, याबद्दल वाद नाही. पण वाढलेले पाणी पेलायचे असते ते जुन्या भरावाला, आणि असे कितीतरी भराव १९७२च्या दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी घातलेले आहेत. त्यांवर बाभळी माजतात, खेकडे-उंदीर बिळे करतात, सांडव्यात झुडपे वाढतात. सांडवा तुंबला की पाणी माथ्यावरून जाते, आणि मातीचा बांध ते सोसत नाही.

लहान तलावाचा धोका तो किती, असे म्हटले जाईल. २ जुलै २०१९च्या रात्री फुटलेले चिपळूण तालुक्यातले तिवरे धरणही लहान आणि मातीचेच होते. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. तरीही २०२१च्या धरण सुरक्षा कायद्याच्या कक्षेत १० मीटरपर्यंत उंचीचे बांध येत नाहीत. देखभाल ग्रामपंचायतीने करावी, हा दुसरा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. झुडपे गाव तोडील. पण पायथ्याशी झिरपणारे पाणी नितळ न राहता गढूळ येऊ लागले, म्हणजे आतली माती वाहू लागली, तर त्यावरचा इलाज अभियंत्याचाच. प्रत्येक तालुक्यात ही पाहणी मे महिन्यातच व्हावी आणि तिचा अहवाल ग्रामसभेत वाचला जावा.