तांड्यावर कॅमेरा आणताय? मग फडातही चला

स्पष्टच बोलतो, राग आला तरी चालेल.

होळी जवळ आली की आपल्या जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यांवर कॅमेरेवाले दिसायला लागतात. एकटाच गडी, पाठीवर बॅग, हातात मोबाइल, वर ड्रोन. व्हिडिओच्या सुरुवातीलाच छाती काढून सांगणार, 'ही डॉक्युमेंटरी मी एकट्याने शूट केली!' एकट्याने करण्याला माझा विरोध नाही. उलट दहा जणांची टीम आली की बाया घरात जातात. एकटा माणूस ओट्यावर टेकला तर चहा तरी येतो. पण हा टेकतो कुठं? रोज साडी नेसणाऱ्या बाईला पेटीतली फेटिया-कांचळी काढायला लावायची, लेंगीवर नाचवायचं, म्हातारीच्या गोंदणाचा क्लोजअप घ्यायचा आणि दिवस मावळायच्या आत हिंगोली गाठायची. म्हातारी गोरबोलीत काय बोलली ते कळायची सोयच नाही, तिच्या आवाजावर याची हिंदी कॉमेंट्री.

दुखणं जुनंच आहे. १९२२ च्या 'नानूक ऑफ द नॉर्थ'मध्ये रॉबर्ट फ्लाहर्टीने बंदुका वापरणाऱ्या इन्युइट लोकांना भाले घेऊन शिकार करायला लावली. नायकाचं खरं नावसुद्धा नानूक नव्हतं. पण तो माणूस तिथल्या बर्फात वर्षभर राहिला, तिथंच फिल्म धुतली आणि त्याच लोकांना दाखवली. आपल्या मंडळींनी त्याची लबाडी तेवढी उचलली.

अहो, तांड्याची गोष्ट दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. मुकादमाची उचल घेतलेली असते. ती फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता. भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं गाडीत टाकून थेट पश्चिम महाराष्ट्र, नाहीतर कर्नाटक. पहाटे फडात, रात्री-अपरात्री गाडी भरायची, मुक्काम कोपीत. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत घराला कुलूप, मागे म्हातारी माणसं. ज्या होळीचं तुम्ही शूटिंग करता, तिला कित्येक घरं बंद असतात. ती कुलपं एकाच्याही फ्रेममध्ये का येत नाहीत? ड्रोनमधून तर अख्खा तांडा दिसतो ना?

'संस्कृती जपतो' म्हणणाऱ्यांनी सहा महिने जाऊ द्या, पंधरा दिवस तरी कोपीशेजारी काढावेत.

येत्या हंगामात कुणाला खरंच जायचं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, माणसांशी गाठ घालून देतो. अट एकच. फिल्म यूट्यूबवर टाकायच्या आधी तांड्यात पांढरी चादर बांधून सगळ्यांना दाखवायची, आणि एखादी बाई 'हे काढा' म्हणाली तर काढायचं.