मोठ्या फोटोतला परका चेहरा

२२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुरात बुडाले आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ८०हून अधिक माणसे गेली. २००५च्या जुलैत दासगाव आणि जुई गावांनी हेच भोगले होते, तर २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्री नदीवरचा जुना पूल दोन एसटी गाड्यांसकट वाहून गेला. सवपासून पोलादपूरपर्यंतच्या या टापूत माणूस असा अवचित जातो, तेव्हा घरच्यांच्या हाती बहुधा मोबाइलमधला एखादा फोटो उरतो. लग्नाच्या घोळक्यातून कापलेला, चार व्हॉट्सअॅप ग्रुपांतून फिरून आलेला. हरवल्याच्या निवेदनापासून वर्षश्राद्धाच्या फ्लेक्सपर्यंत तोच चालवायचा असतो. ‘फोटो मोठा करा, पण फाटायला नको’ ही मागणी इथे हौसेपोटी होत नाही. आता एक बटण दाबले की ती पुरी करणारी अॅप आली आहेत. घरच्या भिंतीसाठी ती खुशाल वापरावीत. पण ओळख पटवणे, पुरावा आणि इतिहास या तीन कामांत असा फोटो चालवून घेऊ नये आणि वर्तमानपत्रांनी तो मुकाट्याने छापू नये, असे माझे मत आहे.

कारण तंत्रातच आहे. डिजिटल फोटो म्हणजे ठिपक्यांची जाळी, आणि जो तपशील टिपलाच गेला नाही तो जाळी ताणून येत नाही. जुनी पद्धत आजूबाजूच्या १६ ठिपक्यांचा हिशेब करून मधला ठिपका भरते. फोटो धूसर होतो, पण त्यात नवे काही शिरत नाही. नवी अॅप लाखो फोटो पाहून शिकलेली असतात. ‘अशा डागाच्या जागी बहुतेकदा डोळा असतो’ एवढ्यावर ती डोळा काढतात, पापण्यांसकट. २०२०मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या अशाच एका प्रणालीला बराक ओबामांचा ठिपक्याठिपक्यांचा फोटो दिला, तेव्हा बाहेर आला तो एक गोरा माणूस. अगदी सुस्पष्ट! जगप्रसिद्ध चेहऱ्याची ही गत, तर आपल्याकडच्या आजीच्या गालावरच्या तिळाची काय कथा? लहान फोटोत तो तीळ एकदोन ठिपक्यांचा असतो. जेपीईजी फोटो साठवताना त्याचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून प्रत्येकातला बारकावा कमी करते, त्यात तो आधीच पुसट झालेला असतो. उरलासुरला तीळ डाग समजून अॅप साफ करते. सवच्या गरम पाण्याच्या कुंडाचा फोटो दिला, तर वरची पातळ वाफही अशीच धुतली जाऊ शकते आणि साधे डबके हाती येते.

अक्षरे-आकड्यांत धोका आणखी मोठा, कारण चूक चुकीसारखी दिसत नाही. २०१३मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे स्कॅन करताना ६च्या जागी ८ छापत होती. जागा वाचवण्यासाठी सारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकच मानण्याचा तो परिणाम. इमारतीच्या नकाशावरची क्षेत्रफळे बदलली होती आणि छपाई मात्र स्वच्छ. सातबाऱ्याच्या मोबाइल फोटोवर किंवा गांधारपाले लेण्यांतल्या ब्राह्मी लेखावर असा प्रयोग झाला, तर गट नंबर वा झिजलेले अक्षर कोणी ठरवले हे कळायला मार्ग उरणार नाही. १९२७च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या काळातले सभांचे फोटो घ्या. मागच्या रांगेतल्या, आधीच अनाम राहिलेल्या माणसाला अॅप कुणाचा तरी चेहरा देणार. अमेरिकेतल्या किंग काउंटीच्या न्यायालयाने २०२४मध्ये खुनाच्या खटल्यात एआयने सुधारलेला मोबाइल व्हिडिओ पुरावा म्हणून नाकारला, ते योग्यच झाले.

यावर कोणी म्हणेल, फोटो स्टुडिओतले कारागीर पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवतच होते, सदऱ्यावर कोटही चढवत होते. खरे आहे. पण तो हात फिरवलेला फोटो आहे हे घरात ठाऊक असे, आणि ‘नाक असे नव्हते’ म्हणायला माणूस समोर असे. अॅपला हे सांगणार कोण? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खगोलशास्त्रज्ञही प्रतिमा गणिताने स्वच्छ करतातच. हबल दुर्बिणीच्या आरशातला दोष १९९३मध्ये दुरुस्त होईपर्यंत तिची चित्रे तशीच सुधारली जात होती. मात्र तिथे दोष नेमका किती हे मोजलेले होते, आणि उलटा हिशेब त्या मापावरून व्हायचा. एकाच दृश्याच्या अनेक फ्रेम जुळवल्या तरी तपशील खरोखर वाढतो, कारण प्रत्येक फ्रेम थोडी वेगळी माहिती आणते. एकुलत्या एका पुसट फोटोत अशी शिल्लक नसते.

मुळात अनेकदा या खटाटोपाची गरजच नसते. १६०० ठिपके रुंद फोटो चार फुटी फ्लेक्सवर ताणला, तर इंचाला ३३ ठिपके पडतात, आणि दहा फुटांवरून पाहणाऱ्या डोळ्याला ते सुटे दिसत नाहीत. हातात धरायच्या छपाईला मात्र इंचाला ३०० लागतात, म्हणजे तोच फोटो जेमतेम सव्वापाच इंच रुंद छापता येतो. तो तेवढाच छापावा. ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवली, तर कितीतरी तपशील वाचतो. कागदी पासपोर्ट फोटो असेल, तर त्याचा मोबाइलवर फोटो काढण्याऐवजी १२०० डीपीआयवर स्कॅन करावा. साडेतीन सेंटिमीटर रुंदीत सुमारे १६५० ठिपके मिळतात. एवढे करूनही अॅप वापरावेच लागले, तर श्रद्धांजलीच्या चौकटीत ‘संगणकाने सुधारलेले छायाचित्र’ ही ओळ मावते. हरवलेल्या माणसाच्या निवेदनावर आणि पोलिसांकडे मात्र मूळ फोटोच जावा, कितीही फाटका असला तरी.