टर्मक्समधला प्रोग्राम अचानक का मरतो? सेटपीजीआयडी आणि अँड्रॉइडची भुतं

घिवलीत राहून कोडिंग शिकायचंय आणि घरात लॅपटॉप नाही, तर मोबाईलवरचं टर्मक्स हाच आपला कॉम्प्युटर. पायथनचा सर्व्हर चालू करून जरा व्हॉट्सअ‍ॅप बघायला जावं आणि परत यावं, तर स्क्रीनवर ‘सिग्नल 9’. 2021 मध्ये अँड्रॉइड 12 आल्यापासून हा वैताग सुरू आहे.

सिग्नल 9 म्हणजे आवराआवर करायलाही वेळ न देता प्रोग्राम मारला. अ‍ॅपने स्वतः सुरू केलेल्या प्रोसेसना अँड्रॉइड ‘फँटम’ म्हणतं, म्हणजे भूत. अशी भुतं सगळ्या अ‍ॅप्सची मिळून 32 पर्यंतच चालतात. एखादी फार सीपीयू खाऊ लागली तरी गच्छंती.

आता गंमत बघा. प्रोसेसची टोळी बांधायची सोय युनिक्समध्ये पूर्वीपासून आहे. सेटपीजीआयडी हे फंक्शन दोन आकडे घेतं: कुठली प्रोसेस आणि कुठला गट. दोन्ही जागी शून्य दिलं तर अर्थ होतो ‘मीच, आणि माझाच नवा गट’. अँड्रॉइडची सी लायब्ररी बायोनिक यात स्वतःचं काही घालत नाही, हुकूम सरळ कर्नलकडे पोचवते. कंट्रोल-सी दाबल्यावर पाइपने जोडलेले तिन्ही प्रोग्राम एकदम थांबतात आणि शेल मात्र जिवंत राहतो, ते या गटांमुळेच. शेल तर हे काम दोनदा करतो, एकदा स्वतः आणि एकदा नव्या प्रोसेसकडून, कारण दोघांतलं आधी कोण धावेल याचा भरवसा नसतो.

मग अँड्रॉइड अ‍ॅप बंद करताना हेच गट का वापरत नाही? कारण हा गट राजीखुशीचा आहे. प्रोसेसने सेटपीजीआयडी बोलावून वेगळी चूल मांडली, की जुन्या गटाला पाठवलेला सिग्नल तिला लागतच नाही. म्हणून अँड्रॉइड कर्नलच्या सीग्रुपवर विसंबतं. तिथून साधं अ‍ॅप स्वतःहून निसटू शकत नाही.

बॅटरी वाचवायचं कारण मला पटतं. पण मर्यादेचा स्विच लपवून ठेवणं नाही पटत. अँड्रॉइड 14 पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये चाइल्ड प्रोसेसची बंधनं काढायचा पर्याय आहे. 12 आणि 13 वाल्यांना एडीबीच्या कमांड शोधत बसावं लागतं. मार्च 2025 मध्ये गूगलने पिक्सेलवर डेबियनचं टर्मिनल दिलं. ते वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं, त्यामुळे आतल्या प्रोसेस भुतांत मोजल्या जात नाहीत. पण पिक्सेल घेऊ शकणाऱ्याला लॅपटॉपही परवडतो! बाकीच्यांनी आधी सेटिंगमध्ये आपल्या अँड्रॉइडचा नंबर बघा. 14 किंवा पुढचा असेल तर दोन मिनिटांचं काम आहे.