कॅप्टन कोण? आपलाच वर्गमित्र!

चाकणच्या रस्त्यावर नव्या कोऱ्या गाड्या पाठीवर घेऊन जाणारे लांबलचक ट्रेलर तुम्ही पाहिले असतील. पण कॉलेजातल्या मुलामुलींनी स्वतः बनवलेली गाडी पाहिलीत कधी?

'बाहा' नावाची स्पर्धा १९७६ साली अमेरिकेत सुरू झाली आणि २००७ साली भारतात आली. निगडीच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगचे संघही तिच्यात उतरले आहेत. दगडधोंड्यांतून धावणारी, एकाच माणसाची गाडी बनवायची. शेवटी सलग चार तासांची शर्यत! शिवाय ड्रायव्हरला पाच सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे. (पाच सेकंदांत तुमचं दप्तर तरी पाठीवरून उतरतं का, बघा बरं!)

संघाचा कॅप्टन असतो विद्यार्थीच. त्याच्या हाती ना पगार, ना मार्क. मित्राचं वेल्डिंग कच्चं निघालं, तर "पुन्हा कर" असं सांगायचं कसं? गप्प बसावं, तर शर्यतीत सांधा तुटून आत बसलेल्या मैत्रिणीला लागायचं. रागवावं, तर मित्र उद्यापासून वर्कशॉपमध्ये फिरकायचाच नाही! मग चांगला कॅप्टन शेजारी बसतो आणि दोघं मिळून तो सांधा कापून पुन्हा जोडतात.

दरवर्षी मोठी मुलं पास होऊन जातात, तेव्हा नव्यांना शिकवणं आलंच. शिकवायला लागलं की आपलं कुठे कच्चं आहे, तेही लगेच कळतं!

तुमच्या वर्गाच्या मॉनिटरला उद्या विचाराच, जिवलग मित्राचं नाव फळ्यावर लिहिताना त्याला काय वाटतं ते.